वणीजवळची काकूंची खोली अन् डबा : झेड वर्गातल्या कर्मचाऱ्याचा पावणेपाच वर्षांचा अनुभव

रेटिंग आधीच देऊन टाकतो. खोलीला ५ पैकी ४, डब्याला ५ पैकी पावणेपाच, अन् ज्या घरभाडे भत्त्याच्या भरवशावर ही खोली घ्यावी लागते त्या एक्स-वाय-झेडच्या वाटपाला (भत्ता ठरवायला सरकारने केलेले शहर-गावांचे तीन वर्ग, झेड सगळ्यात खालचा) ५ पैकी दीड. हा तिसरा आकडा काऊन दिला ते खाली लिहितो, कारण नवीन ऑर्डर हातात घेऊन इकडे येणारा प्रत्येक जण पहिले हेच विचारते की भाडं किती अन् भत्ता किती भेटते.

मी एका सरकारी ऑफिसात कनिष्ठ लिपिक आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये जॉईन झालो. खोली यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी शहराला लागून असलेल्या एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे, म्हणजे पत्ता खेड्याचा पण भाडं वणीचं. एक खोली, मागे छोटा ओटा, संडास-बाथरूम वेगळं, वर स्लॅब. याच्या आधी मी दोन वर्षं दुसऱ्या एका घरमालकाकडे होतो, तिथे टिनाचं छप्पर, उन्हाळ्यात दुपारी पलंगाचा लोखंडी पाइप हाताला चटका द्यायचा अन् पावसाळ्यात बरोबर पुस्तकांच्या पेटीवर गळायचं, सांगून सांगून थकलो पण त्याने ताडपत्री काही टाकली नाही. भाडं २००० होतं. त्या वेळी माझं बेसिक १९९०० अन् आपल्या इकडे भत्ता ८ टक्के, म्हणजे १५९२ होतात, पण झेड वर्गाला कमीत कमी १८०० द्यायचे असा नियम आहे म्हणून १८०० मिळायचे. दोनशे रुपये खिशातून जायचे, तेव्हा वाटलं चालते, एवढं काही नाही.

मग २०२१ च्या जूनमध्ये काकूंकडे आलो. पहिल्या दिवशी खोली पाहून मी म्हटलं, काकू, घरी विचारून दोन दिवसांनी सांगतो. तर काकू सरळ बोलल्या, "सर, तुम्हाले पाह्यजे तं आजच सांगा, उद्या खाणीवाले येऊन तीनशे जास्त देऊन घेऊन जाते, मंग मले बोल नका लावू." तेव्हा मला हे विकायचं बोलणं वाटलं होतं, पण खरंच होतं ते. बाजूच्या खोलीत आजही कोळसा खाणीवर कंत्राटात काम करणारी सहा पोरं राहतात, डे अन् नाईट शिफ्टची, तीन झोपतात तेव्हा तीन कामावर. भाडं सहा जणांत वाटून जाते म्हणून ते घासाघीस करतच नाहीत. मी एकटा माणूस त्यांच्याशी कसा पुरा पडणार.

भाडं २८०० पासून सुरू झालं, मग ३२००, ३५००, अन् यंदा ४०००. लाईटचं वेगळं, सबमीटर आहे, युनिटला १० रुपये. एप्रिल-मे मध्ये कूलर दिवसरात्र चालते त्यामुळे बिल डोक्यात धरूनच चाला. पाणी बोरचं, भरपूर, पण जड आहे, बकेटीला पांढरा थर बसते, प्यायला मी कॅन घेतो. याचाच एक मार्क कापला, काकूंचा त्यात दोष नाही, जमिनीतलंच पाणी तसं.

धुळीचं नीट समजून घ्या. इकडे कोळशाच्या गाड्या रात्रंदिवस चालतात. सकाळी खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की बोट काळं, संध्याकाळी फिरवलं की परत काळं. पांढरा शर्ट रस्त्याकडच्या दोरीवर वाळू घातला तर कॉलरच्या घडीत बारीक काळी रेघ बसते अन् ती ब्रशनेही निघत नाही. काकूंनी मागच्या अंगणात दुसरी दोरी बांधून दिली, तिथे लिंबाच्या झाडाआड कपडे बऱ्यापैकी वाचतात. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना, माझे शर्ट पाहून त्यांनीच बांधली.

आता डबा. दोन टाइमचा महिन्याला ३०००, चार पोळ्या, भाजी, वरण-भात. हे तर सगळीकडेच भेटते, पण काकूंच्या डब्यात जवसाची चटणी रोज असते, घरी कुटलेली, अन् तिच्यावर कच्च्या तेलाची धार. थंडीत पातोडीची रस्साभाजी आठवड्यातून एकदा, इतकी झणझणीत की नाक वाहते. पोळ्याच्या सणाला अन् घरात पाहुणे असले की वडा-भात, तो पण त्याच पैशात. तूरडाळ दोनशेच्या वर गेली होती त्या महिन्यांत इथल्या एका खानावळीत वरणाचं नुसतं पिवळं पाणी झालं होतं, मी स्वतः खाल्लं आहे, पण काकूंनी वरण पातळ केलं नाही, सरळ सांगितलं की सर यंदा २०० वाढवते. मला हे आवडलं. पाव मार्क कापला कारण रविवारी संध्याकाळी डबा नसते अन् त्या दिवशी चौकात जाऊन खावं लागते.

तर हिशोब करा. माझं बेसिक आज २३८०० आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर घरभाडे भत्ता ३०, २० अन् १० टक्के झाला, आपण झेड म्हणून १० टक्के, म्हणजे २३८० रुपये. भाडं ४०००. दर महिन्याला १६२० खिशातून, लाईट वेगळी. माझ्याच सोबत लागलेला, तेवढंच बेसिक असलेला मित्र नागपूरला आहे, नागपूर वाय वर्गात, त्याला ४७६० भेटतात अन् तो शहराच्या टोकाला ५००० मध्ये याच्यापेक्षा मोठ्या खोलीत राहते, त्याचे खिशातून २४० जातात. पुण्यात कोणी असेल तर त्याला ७१४०. पुण्याचं भाडं मला माहीत आहे, तिथे ७१४० मध्येही काही होत नाही, त्यामुळे पुणेवाल्याचे कमी करा असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं एवढंच की इथलं भाडं किती आहे हे कोणी येऊन पाहिलंच नाही, फक्त डोकी मोजली.

कारण वर्ग ठरतात ते नुसत्या लोकसंख्येवर. ५० लाखांच्या वर एक्स, ५ ते ५० लाख वाय, ५ लाखांच्या खाली सगळे झेड. आधी ए-वन, ए, बी-वन, बी-टू, सी अशी नावं होती, सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी २००८ मध्ये केंद्राने त्यांचं एक्स, वाय, झेड केलं. अख्ख्या विदर्भात वाय मध्ये दोनच, नागपूर अन् अमरावती. अकोला २०११ च्या जनगणनेत सव्वाचार लाखांचं, म्हणून झेड. चंद्रपूर तीन लाख वीस हजार, झेड. वणी साठ हजारांच्या आतबाहेर, ती पण झेड, अन् जिथे दिवसातून दोन एसट्या जातात ते गाव पण झेडच. २०११ ची जनगणना धरून केंद्राने पुण्याला वरच्या वर्गात नेलं अन् देशातली २१ शहरं झेडमधून वायमध्ये घेतली, महाराष्ट्रातली त्यात चार होती, वसई-विरार, मालेगाव, नांदेड-वाघाळा, सांगली. विदर्भातलं एकही नाही. अन् तो २०११ चाच आकडा आजही चालू आहे, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ च्या मार्चची तारीख धरून होणार. म्हणजे सोळा वर्षांत गावात खाण वाढली, ट्रक वाढले, खोल्यांची मारामार झाली तरी कागदावर गाव जिथल्या तिथे. अन् समजा उद्या मोजलं तरी काय? गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला पावणेअकरा लाखांच्या आत होती, तिथलं एखादं गाव वाय व्हायला अर्धा जिल्हा एका गावात येऊन राहावा लागेल.

लहान गावात भाडं कमीच असणार, हा जो हिशोब धरला आहे तिथेच खरी चूक आहे. लहान गावात भाड्याने द्यायची घरंच कमी असतात. लोक घर बांधतात ते स्वतःसाठी, भाड्यासाठी बांधणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात एखादी खाण, सिमेंटचा कारखाना, नाहीतर मोठ्या रस्त्याचं काम आलं की बाहेरून दोन-चारशे माणसं येतात अन् भाडं एका वर्षात कुठल्या कुठे जाते. लोकसंख्येत दोन-चारशे म्हणजे काहीच नाही, पण वीस खोल्यांच्या बाजारात ते सगळं काही आहे.

दुसरं म्हणजे टक्का. भत्ता बेसिकवर, त्यामुळे ५६१०० बेसिकवाल्या साहेबाला याच गावात ५६१० भेटतात अन् आमच्या ऑफिसातल्या शिपाई दादांना तेच १८००. त्यांचं बेसिक १५००० पासून सुरू झालं, १० टक्के काढले तर १५०० येतात, म्हणून कमीत कमीचा नियम लागते. काकू खोली दाखवताना बेसिक विचारत नाहीत, ४००० सगळ्यांना ४०००. दादांनी हीच खोली पाहिली होती माझ्या आधी, परत गेले, अन् आज २२ किलोमीटरवरून गाडीने अपडाऊन करतात. पेट्रोलचं काय होते ते विचारूच नका. त्यांना मी रोज सव्वादहाला हेल्मेट काढताना पाहतो, उन्हाळ्यात तोंड लाल झालेलं असते, अन् मला माझ्या स्लॅबच्या खोलीचं कसंतरीच वाटते.

जिल्हा परिषदेच्या मास्तरांना अन् ग्रामसेवकांना तर वर मुख्यालयी राहण्याची अट, २०१९ च्या शासन निर्णयात गावात राहतो याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव आणायला सांगितला. राहा म्हणतात ते बरोबरच आहे, लेकरांचा मास्तर गावात असला पाह्यजे. पण गावात खोली तर पाह्यजे ना.

भामरागडकडे, आदिवासी अन् नक्षलग्रस्त भागात एकस्तर वेतनश्रेणी आहे, म्हणजे तिथे असेपर्यंत एक पायरी वरचा पगार, २००२ पासून. ती चांगली गोष्ट आहे, म्हणजे सरकारला जागा पाहून पगार ठरवता येते हे तिथे दिसते. मग मधल्या गावांचंच काऊन नाही?

मी थोडं वाचलं या विषयावर. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९९० मध्ये कायदा झाला अन् १९९४ पासून जागेप्रमाणे पगार सुरू झाला, त्याला लोकॅलिटी पे म्हणतात. तिथे डोकी नाही मोजत, त्या भागात केंद्र सरकारच्या बाहेरच्या नोकरीत तशाच कामाला किती पगार आहे ते पाहतात, अन् आजूबाजूच्या जिल्ह्यांतून रोज किती लोक त्या मोठ्या शहरात कामाला येतात हे पाहून भागाची हद्द ठरवतात, म्हणजे अपडाऊन चक्क हिशोबात धरतात. बाकी उरलेल्या सगळ्यांना 'रेस्ट ऑफ यूएस' नावाच्या एका पोत्यात टाकतात, तेही आपल्या झेडसारखंच झालं म्हणा. अन् भाडं ते पण नाही पाहत. त्यामुळे त्यांचं सगळं उचलून आणा असं मी म्हणणार नाही, पण आकडे दरवर्षी नव्याने पाहायचे, एवढं तरी आपल्याकडे व्हावं. तालुक्यात भाडं काय चालू आहे हे तलाठ्यापासून तहसीलदारांपर्यंत सगळ्यांना माहीत असते, वर्षातून एकदा कागदावर आणायला काय जाते. केंद्राचा आठवा वेतन आयोग २०२५ मध्ये बसला आहे, राज्याचं गाडं नेहमी त्याच्याच मागून जाते, त्यामुळे ज्यांच्या संघटना निवेदनं देतात त्यांनी टक्के वाढवा याच्यासोबत लहान गावातलं भाडं मोजा, अन् कमीत कमीचे १८०० वाढवा, हे दोन मुद्दे टाकाच. १८०० हा आकडा सातव्या आयोगाच्या वेळचा आहे, त्या १८०० मध्ये वणीत आता खाटेपुरती जागा पण भेटत नाही.

काकूंबद्दल एक राहिलं. ४००० केले तेव्हा मी बोललो होतो त्यांना, थोडं रागातच, की काकू माझा भत्ता २३८० आहे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, अन् आपली वही काढून दाखवली, ग्रामपंचायतीचा टॅक्स, बोरची मोटर जळाली त्याचे ९५००, स्लॅबला वॉटरप्रूफिंग. मग म्हणाल्या, "सर, मले पेन्शन नाई, ह्या तीन खोल्या म्हणजेच माह्यं शेत." यजमान गेले त्यांचे, पोरगी नर्सिंगला आहे. मी पुढे काही बोललो नाही. भाडं त्या मनाने जास्त घेत नाहीत, दुसरीकडे अशाच खोलीचे ४५०० सांगतात.

कोणाची इकडे बदली होत असेल तर, शेवटची खोली मे अखेर रिकामी होणार आहे. डिपॉझिट दोन महिन्यांचं, परत देतात, माझ्या आधीच्या सरांना दिलेलं मी पाहिलं आहे. कूलर स्वतःचा आणा, इथे सीझनमध्ये घ्याल तर महाग पडते. मच्छरदाणी आणा. खिडकी रस्त्याकडे आहे, जाड पडदा लावा, अन् कपडे मागच्याच दोरीवर वाळू घाला. पोळ्या चारच्या ऐवजी पाच लागत असतील तर पहिल्याच दिवशी सांगा, त्याचे वेगळे पैसे काकू घेत नाहीत.