एक एप्रिलचा फ्रेंच मासा: साचा पक्का, माहितीपत्रक कच्चं

फ्रान्समध्ये एक एप्रिलला पोरं कागदाचा मासा कापून कुणाच्या तरी पाठीवर हळूच चिकटवतात आणि फजिती झाली की 'प्वासाँ दाव्रिल!' (एप्रिलचा मासा!) म्हणून ओरडतात. त्याच दिवसांत तिथल्या चॉकलेटच्या दुकानांत ईस्टरच्या अंड्यांशेजारी चॉकलेटचे मासे मांडलेले दिसतात. हे दोन्ही मासे घरी करता यावेत म्हणून हा संच आहे. त्यात पॉलिकार्बोनेटचा दोन भागांचा साचा (मासा १५ सेंमी), छोट्या मासे-शिंपल्यांची एक पट्टी, छापील कागदी मासे आणि माहितीपत्रक मिळतं.

साचा उत्तम आहे. खवल्यांच्या रेषा स्वच्छ उठतात आणि चॉकलेटला आरशासारखी चकाकी येते. अट एकच, चॉकलेट नीट टेम्पर केलेलं हवं, म्हणजे ठरावीक तापमानांना तापवून-थंड करून घेतलेलं, म्हणजे ते चकाकतं आणि कडक गोठतं. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर वितळवा, २७-२८ पर्यंत उतरवा आणि पुन्हा ३१-३२ वर आणून ओता. मिल्क चॉकलेट ओतताना २९-३० अंश पुरे. सोपा मार्ग म्हणजे दोन भाग वितळवून त्यात एक भाग बारीक चिरलेलं चॉकलेट ढवळत राहणं. पोकळ माशाला शंभर ग्रॅमच्या आसपास लागत असलं, तरी ३०० ग्रॅम तरी घ्या. कमी घेतलं की भराभर थंड होऊन घट्ट होतं.

आधी ब्रशने पातळ थर लावा, नाहीतर खवल्यांत बुडबुडे अडकतात. मग साचा भरून टेबलावर आपटा, उलटा करून जास्तीचं चॉकलेट गाळा आणि कडा खरवडा. शेपटीचं टोक मात्र या साच्यात फारच पातळ आहे, तिथे दुसरा थर न दिल्यास मासा निघताना हमखास शेपूट तुटते. चॉकलेट साच्याला चिकटलं तर दोष बहुतेक टेम्परिंगचा असतो: नीट टेम्पर झालेलं चॉकलेट गोठताना आकसतं आणि आपोआप सुटतं. साचा घासणीने घासू नका, ओरखडे पडले की चकाकी गेलीच. कोमट पाण्याने धुवा आणि कापसाने पुसा.

मार्चअखेरच्या पुण्या-नागपुरात खोली २०-२२ अंशांवर आणायला एसी लागतोच. फ्रिजमध्ये १५-२० मिनिटं पुरेत. जास्त वेळ ठेवलेला मासा बाहेर काढला की त्यावर पाणी सुटतं आणि साखरेचे पांढरे डाग पडतात. एसी नसेल तर कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी वनस्पती तेल-तूप घातलेलं) वापरा. त्याला टेम्परिंग लागत नाही, पण चवही बेताचीच.

आता माहितीपत्रक. १५६४ मध्ये राजा नववा शार्ल याने रुसियोंच्या हुकुमाने वर्षारंभ एक जानेवारीला आणला, जे जुन्या तारखेला चिकटून राहिले त्यांची थट्टा झाली आणि 'एप्रिल फूल' जन्मला, अशी गोष्ट त्यात ठासून छापली आहे. हुकूम खरा, पुढची जोडणी लंगडी. त्याआधी फ्रान्सच्या वेगवेगळ्या भागांत वर्ष नाताळला, २५ मार्चला किंवा ईस्टरला सुरू होई, एक एप्रिलला नव्हे. शिवाय फ्लेमिश कवी एदुआर्ड दे देने याने १५६१ मध्येच अशा नोकराचं वर्णन केलंय, ज्याला धनी एक एप्रिलला निरर्थक कामांसाठी इकडून तिकडे पिटाळतो. इंग्लंडने तर वर्षारंभ १७५२ मध्ये बदलला, पण इंग्रज लेखक जॉन ऑब्रीने मूर्खांच्या या सणाची नोंद १६८६ मध्येच केली होती, आणि १६९८ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये 'सिंहांची आंघोळ' बघायला लोक जाऊन फसले होते. म्हणजे थट्टा कॅलेंडरच्या फेरबदलाआधीही होती आणि त्याच्याविनाही.

मासाच का? एप्रिलमधले कोवळे मासे सहज गळाला लागतात, किंवा ईस्टरआधीच्या उपवासात मांस वर्ज्य म्हणून मासे खाल्ले जात, अशी स्पष्टीकरणं दिली जातात. पत्रकात मात्र मीन राशीचं कारण आहे, आणि सूर्य मीन राशीतून मार्चच्या विशीतच बाहेर पडतो (पाश्चात्त्य गणनेने). निदान ही ओळ तरी तपासायला हवी होती.

कागदी मासे छान रंगवलेत, पण त्यांच्या मागची डिंकाची पट्टी फार चिवट आहे आणि रेशमी कपड्यावर डाग सोडते. ती काढून कागदी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावा. दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे हात पोचत नाही.

साच्यासाठी संच घ्यायला हरकत नाही. फक्त मासेच चिकटवायचे असतील तर घरातली रद्दी आणि कात्री पुरेल.