मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन: सोलापुरातला क्लास की ऑनलाइन कोर्स?

मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणजे डॉक्टरांचं, इथे बहुतेक वेळा अमेरिकन डॉक्टरांचं, रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करणं. मोहोळ-बार्शीकडून सोलापुरात क्लासला यायचं म्हणजे रोजची एसटी आलीच. पण कान तयार होतो तो तिथेच. हायड्रॅलाझिन हे रक्तदाबाचं औषध, हायड्रॉक्झिझिन खाजेचं. घाईत बोलणाऱ्या अमेरिकन डॉक्टरच्या तोंडी दोन्ही सारखीच वाटतात. पायाखाली ऑडिओ थांबवायचं-चालवायचं पेडल, कानात हेडफोन आणि शेजारी सर असले की चूक जागच्या जागी पकडली जाते. म्हणून नवख्याला मी क्लासच सांगेन.

ऑनलाइनमध्ये वेळ आपल्या हातात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला तेच बरं. मात्र आपली फाइल कोणी तपासून परत देतं का? नुसते व्हिडिओ असतील तर पैसे पाण्यात.

आता बराच कच्चा मजकूर मशीनच काढतं, माणूस तो दुरुस्त करतो. हे एडिटिंग शिकवता का, असं दोघांनाही विचारा. आणि ‘नोकरीची हमी’ म्हणाले, तर लेखी मागा.