बारा नरसाळ्यांचा सापळा: काय पकडतो, काय सोडतो

काळ्या नरसाळ्यांची एकाखाली एक टांगलेली उतरंड आणि तळाला भांडं, एवढाच हा सापळा. 1983 मध्ये कॅनडातल्या स्टाफन लिंडग्रेन यांनी सालीखालच्या भुंगेऱ्यांसाठी तो मांडला आणि मूळ रचना आजही तशीच आहे. वाऱ्यावर उडणाऱ्या भुंगेऱ्याला तो उभा काळा आकार बुंध्यासारखा दिसतो. तो येऊन आपटतो आणि नरसाळ्यांमधून घरंगळत भांड्यात पडतो. चार, आठ, बारा आणि सोळा नरसाळ्यांचे प्रकार मिळतात. रोपवाटिकेच्या कडेला चारचा पुरतो, पण जंगलात निदान बाराचा घ्यावा. घडी होते, त्यामुळे आठ-दहा सापळे एका पोत्यात मावतात. फळ्यांच्या सापळ्यापेक्षा ही मोठी सोय.

सापळा म्हणजे नुसतं प्लास्टिक, खरं काम ल्यूरचं, म्हणजे त्यात लावलेल्या आमिषाच्या वासाचं. ताण आलेल्या झाडात इथेनॉल तयार होतं आणि त्याच वासावर ॲम्ब्रोसिया, म्हणजे लाकूड पोखरून आत बुरशी पिकवणारे भुंगेरे येतात. पाईनवर्गीय झाडांसाठी त्याच्या जोडीला अल्फा-पायनीन लावतात. स्प्रूस या सूचिपर्णी झाडावरच्या इप्स टायपोग्राफस या सालीखालच्या भुंगेऱ्याला मात्र त्याचाच कामगंध, म्हणजे आपल्या जातीला बोलावणारा वास लागतो: सिस-व्हर्बेनॉल आणि मिथाइलब्युटेनॉल. एकाची ल्यूर दुसऱ्याला लावली तर भांडं रिकामं राहतं आणि दोष सापळ्याच्या माथी येतो. ल्यूर वापरेपर्यंत सीलबंद पाकिटात फ्रीझरमध्ये ठेवा. लावताना हातमोजे घाला आणि दोन प्रकारच्या ल्यूर एका डब्यात कोंबू नका, वास एकमेकांना लागतात. पाकिटावर लिहिलेले दिवस समशीतोष्ण हवेतले असतात. कडक उन्हात ल्यूर त्याआधीच संपते, म्हणून तारीख सापळ्यावरच मार्करने लिहिलेली बरी.

टांगण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. सोयीचं म्हणून सापळा थेट यजमान झाडाच्या फांदीला अडकवला की वासावर आलेले निम्मेशिम्मे भुंगेरे भांड्यात न जाता त्याच झाडात शिरतात. ज्याला वाचवायचं, त्याच्याच अंगणात पाहुणे बोलावल्यासारखं होतं. धोक्यातल्या झाडांपासून किमान 15 मीटर लांब, लोखंडी सळईला किंवा वेगळ्या जातीच्या दोन झाडांमध्ये दोरी बांधून टांगा. भांड्याचा तळ जमिनीपासून हातभर वर हवा, नाहीतर उंदीर माल खाऊन जातात. उड्डाण सुरू होण्याआधी सापळा जागेवर पाहिजे. इप्ससाठी म्हणजे दुपारचं तापमान 16 ते 18 अंशांवर जायच्या आधी.

भांडं कोरडं ठेवायचं की ओलं? कोरड्यात तळाला जाळी असते आणि कीटकनाशकाची पट्टी टाकावी लागते. पट्टी विसरलात तर जिवंत भुंगेरे एकमेकांचे पाय तोडतात. शिवाय थॅनासिमससारखे शिकारी भुंगेरेही इप्सच्याच कामगंधावर येतात आणि आत बसून ताव मारतात. ओल्या भांड्यात 150 ते 200 मिलि प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि साबणाचा एक थेंब पुरतो. गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल नको, ते गोड लागतं आणि प्राण्यांना विषारी असतं. पावसात द्रव पातळ होऊन माल सडतो, म्हणून वरच्या कडेला जाळी लावलेलं निचऱ्याचं भोक आहे का हे विकत घेतानाच बघा. दर दोन आठवड्यांनी, उन्हाळ्यात आठवड्याने, मलमलीतून गाळून माल 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. हजारो इप्स मोजत बसू नका, मोजपात्रात ओता: 1 मिलिमध्ये साधारण 40 मावतात.

नावं ठेवण्यासारखंही बरंच आहे. वरच्या नरसाळ्यात एक पान अडकलं की खालची सगळी उतरंड बिनकामाची, आणि कोळ्यांना ही जागा भलतीच आवडते. उन्हाने प्लास्टिक कडक होतं, मग भांड्याच्या खाचा तुटतात आणि भांडं गवतात सापडतं. लांब शिंगांचे मोठे भुंगेरे खरबरीत प्लास्टिकला धरून वर चढतात. त्यांच्यासाठी आतून फ्लुऑनचा गुळगुळीत थर दिलेला सापळा घ्या, फरक भांड्यातच दिसतो. साल वृक्षाच्या खोडकिड्यासाठी, होप्लोसेरँबिक्स स्पिनिकॉर्निससाठी, जुनी पद्धतच सरस: त्या वृक्षाचा ताजा ओंडका तोडून त्याची साल ठेचायची आणि रसावर जमलेले भुंगेरे वेचायचे.

पतंगांसाठी तर हा घेऊच नका. सागाची पानं खाणारी हायब्लिया प्युराची अळी कोवळ्या पालवीवर येते आणि शिरा सोडून पान फस्त करते. जाळीदार पान करणारी दुसरी अळी जून पानांवर उशिरा येते. या दोघींचे पतंग प्रकाश-सापळ्यावर सापडतात, नरसाळ्यांकडे ढुंकून पाहत नाहीत.

आणि विक्रेते जे सांगत नाहीत ते: या सापळ्याने साथ आटोक्यात येत नाही. धडधाकट झाड भुंगेऱ्याला राळेने बाहेर लोटतं. दुष्काळात राळेचा जोर ओसरतो आणि एरवी परतवला गेला असता तो हल्ला यशस्वी होतो. 2018 च्या दुष्काळानंतर मध्य युरोपातले स्प्रूस असेच गेले. कितीही भांडी भरली तरी बाकीची झुंड झाडांवर असतेच. सापळा सांगतो ते एवढंच, की उड्डाण कधी सुरू झालं, कधी वाढलं आणि नवी जात आली का. आकडा चढला की बुंधे बघत फिरायचं. सालीच्या भेगांत तपकिरी, कॉफीच्या पुडीसारखा भुसा दिसला तर सालीखालचे भुंगेरे. टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून पांढऱ्या भुशाची शेवई बाहेर लोंबत असेल तर ॲम्ब्रोसिया, ते लाकूड खात नाहीत, आत बुरशी पिकवतात. शेवई बोट लागताच किंवा एका सरीत पडून जाते, तेव्हा ही फेरी पावसाआधीच मारा. तपकिरी भुशाची झाडं मात्र नवी पिढी बाहेर पडायच्या आत तोडून, साल काढून टाकावी लागतात.