सिझेरियननंतर पोटाचा पट्टा: कशासाठी घ्यावा, कशासाठी घेऊ नये

सिझेरियन झालेल्या ज्या मैत्रिणी 'पट्टा घेऊ का' म्हणून विचारतात, त्यांना मी घ्या म्हणूनच सांगते. पण तो उठाबसायला सोपं जावं म्हणून घ्या, पोट उतरावं म्हणून नको. माझं बाळ पावसाच्या तोंडावर झालं आणि आता शिमगा जवळ आलाय. मालवणच्या दमट हवेत मी पट्टा भरपूर वापरला आणि मग सोडला.

टाके ओले असताना डॉक्टरांना विचारून बांधायला सुरुवात केली. खोकला, शिंक, रात्री पाजायला उठणं, या तिन्ही वेळी पोट धरून ठेवणारं काहीतरी लागतंच. तिथे पट्ट्याला पैकीच्या पैकी गुण. मी तीन पट्ट्यांचा, वेल्क्रोचा घेतला होता. तिन्ही वेगवेगळ्या आवळता येतात, त्यामुळे टाक्यांवरची खालची सैल सोडता येते. एकसंध रुंद पट्टा बसलं की वर सरकतो, तो घेऊ नका. आणि माप बाळंतपणानंतर बेंबीपाशी टेप लावून घ्या, जुन्या कपड्यांवरून नको.

गैरसोय झाली ती हवेची. आषाढात पट्ट्याखाली घामोळं उठायचं, म्हणून आत सुती बनियन घालावीच लागायची. धुतला की वाळायला दोन-दोन दिवस, आणि वेल्क्रो उघडा ठेवून धुतला तर त्यात बाळाच्या दुपट्याचे धागे अडकून पकड जाते. सासूबाईंनी तेव्हा जुनं सुती लुगडं काढून दिलं. "घट बांध गो, नाय तर पोटात वारो शिरतलो." पोटात वारा काही शिरत नाही, पण लुगड्याचा आधार पट्ट्याच्या तोडीचा होता आणि अंगाला मऊ. फक्त ते 'घट' तेवढं नको. पोट फार आवळलं की दाब खाली, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जातो, आणि ते बाळंतपणात आधीच ताणलेले असतात. श्वास अडकल्यासारखा वाटला किंवा खाली जड वाटलं, की लगेच सैल करायचा. झोपताना काढूनच ठेवायचा.

'पट्ट्याने पोट आत गेलं' असं सांगणाऱ्या पुष्कळ भेटतील. बाळ होतं तेव्हा गर्भाशय साधारण किलोभर असतं, सहा आठवड्यांत ते आपलं आपण आकसून शंभर ग्रॅमच्या आत येतं. पोट उतरतं ते मुख्यतः त्यामुळे, बांधा किंवा बांधू नका. श्रेय मात्र पट्ट्याला जातं, आणि मग बाई महिनोन्‌महिने तो सोडत नाही. सतत बाहेरून आधार मिळाला की पोटाच्या स्नायूंना काम उरत नाही. मी चालाफिरायला जमू लागल्यावर तो कमी करत गेले.

खरा फरक पडला तो व्यायामाने. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर बोटं ठेवून बघा. मधे दोन बोटांहून जास्त फट लागत असेल तर पोटाचे स्नायू अजून जुळलेले नाहीत. अशा वेळी उठाबशा आणि क्रंचेस नकोत. श्वास सोडत पोट हळूच आत घेणं, एकेक टाच सरकवत पाय लांब करणं आणि लघवी रोखल्यासारखे तळाचे स्नायू आवळून सोडणं, एवढंच मी कितीतरी दिवस केलं. शिंकताना लघवी सुटायची ती याच शेवटच्या व्यायामाने थांबली. हे कुणी बोलत नाही, पण बायकांनी बोलायला हवं.

गणपतीनंतर चिवल्याच्या किनाऱ्यावर चालायला लागले. आधी भरतीच्या काठची ओली, घट्ट वाळू, मग हळूहळू कोरडी. कोरड्या वाळूत त्याच वेगाला दुपटीहून जास्त शक्ती खर्च होते, त्यामुळे सुरुवातीलाच तिथे जाऊन कंबर धरून घेऊ नका. आठवड्याला १५० मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप बाळंतिणीलाही लागू आहे, आणि ते तुकड्या-तुकड्यांत केलं तरी चालतं.

खाणं मात्र तोडू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात. मी डिंकाचा लाडू एकावर आणला, पण पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, अळिवाची खीर पोटभर घेतली. जून-जुलैत मासेमारी बंद असते. नंतर बांगडे, तारल्या मिळायला लागल्या तशा खाल्ल्या. दूध वाढावं म्हणून आपल्याकडे मोरी, म्हणजे छोटा शार्क मासा, देतात, तेवढी मी टाळली. शार्कच्या जातीत पारा जास्त साठतो आणि तो दुधातून बाळाकडे जाऊ शकतो. वजन सावकाश उतरतंय, दूध कमी झालं नाही, मला तेच हवं होतं.

तेव्हा पट्टा साधा, स्वस्तातला घ्या, पावसाळा असेल तर दोन घ्या. 'स्लिमिंग' लिहिलेल्या महागड्या पट्ट्याचे पैसे वाचवून फिजिओथेरपिस्टकडे एकदा पोटाची फट दाखवून या. ताप आला, टाक्यांतून पाणी यायला लागलं किंवा तिथे लाली दिसली, तर पट्टा काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.