लेबलावरचा ‘अहिंसक’ मध : साताऱ्यात घेतलेल्या एका बाटलीचे परीक्षण

यंदाच्या मे महिन्यात पोवई नाक्याजवळच्या एका छोट्या दुकानातून मी जांभळाच्या मधाची अर्ध्या किलोची बाटली ३६० रुपयांना घेतली. गणपतीपर्यंत ती निम्मी संपली असल्यामुळे आता तिच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल. दुकानाचे आणि मधाचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझा मुख्य आक्षेप मधाला नसून लेबलावरच्या एका शब्दाला आहे आणि तोच शब्द मी याआधी वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या बाटल्यांवर वाचला आहे. तो शब्द म्हणजे ‘अहिंसक’.

आमच्या घरी मधाची बाटली येणे ही आता साधी गोष्ट राहिलेली नाही. मांसाहार माझा फार पूर्वीच सुटला होता. तीन वर्षांपूर्वी मी दूध, दही आणि तूपही सोडले, आणि त्याच तर्काने मधही सोडावा लागला. आईचे वय मात्र ७९ आहे आणि कोरड्या खोकल्यावर आल्याच्या रसात मध घालून चाटण घेण्याचा उपाय ती लग्न झाल्यापासून करत आली आहे. तिला नाही म्हणण्याचा अधिकार मला नाही. तेव्हा आणायचाच असेल तर बरा मध आणावा, एवढ्याच हेतूने मी दुकानात गेले आणि त्या शब्दापाशी अडखळले.

आधी मधाविषयी. रंग गडद, तांबूस तपकिरी आहे. चव आई सांगते ती आणि मी बोटाच्या टोकावर घेऊन पाहिली ती, दोन्ही जुळतात : सुरुवातीला गोड आणि मागाहून जिभेच्या मुळाशी जांभळाच्या सालीसारखा किंचित कडवट तुरटपणा. मोठ्या कंपन्यांच्या मधाला जी एकसुरी, पाकासारखी गोडी असते ती येथे नाही. मध काहीसा पातळ आहे, पण केवळ पातळपणावरून भेसळीचा संशय घेऊ नये, कारण आपल्याकडच्या सातेरी मधमाशीच्या मधात मुळातच पाण्याचा अंश जास्त असतो. नियमानुसार तो २० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. तो वाढला तर मध आंबतो, झाकण उघडताच फेस दिसतो आणि आंबूस वास येतो. चार महिन्यांत या बाटलीत तसे काही झाले नाही. तळाशी थोडी साखर धरली आहे, पण मध गोठणे हा त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पूर्ववत होतो.

दुकानदाराने शुद्धतेचा पुरावा म्हणून काडीपेटीची काडी मधात बुडवून पेटवून दाखवली. या प्रयोगाने करमणुकीखेरीज काही साधत नाही, कारण साखरेचा घट्ट पाक लावलेली काडीही तशीच पेटते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२० मध्ये १३ ब्रँडचे मध तपासले, तेव्हा सर्व चाचण्यांत केवळ ३ उतरले. नेहमीच्या प्रयोगशाळा चाचण्यांना चकवणारे साखरेचे पाक बाजारात असताना काडीपेटीने काय ठरणार? माझा विश्वास बसला तो बाटलीवरच्या मध काढल्याच्या महिन्यावर, घाणा क्रमांकावर (म्हणजे बॅच नंबरावर), आणि दुकानदाराने मधपाळाच्या वाडीचे नाव न लपवता सांगितले त्यावर.

वेष्टनाबाबत दोन तक्रारी आहेत. पत्र्याचे झाकण नीट बसत नसल्यामुळे घरी येईपर्यंत पिशवीचा तळ चिकट झाला होता. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे : एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, ही सूचना लेबलावर कोठेही नाही. बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची रीत आपल्याकडे अजून पाळली जाते आणि मधातून होणारी बोट्युलिझमची बाधा तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. ‘अहिंसक’ हा शब्द ठळक अक्षरांत छापायला जागा होती, मग या एका ओळीलाही ती सापडायला हवी होती.

बाटलीवर शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे आणि तो कायद्याला धरूनच आहे. आपल्या खाद्यनियमांतील मांसाहाराच्या व्याख्येतून दूध आणि दुग्धजन्य पदार्थांप्रमाणे मध आणि मेणही वगळले आहे. परंतु २०२२ मध्ये वीगन, म्हणजे कोणताही प्राणिज घटक नसलेल्या, अन्नपदार्थांसाठी जे स्वतंत्र नियम आले, त्यांत दुधाबरोबर मधही स्पष्टपणे बाद केला आहे. म्हणजे एकच बाटली एका नियमाने निर्दोष शाकाहारी ठरते आणि दुसऱ्या नियमाने प्राणिज. आमच्या शेजारच्या काकू मूळच्या सांगलीकडच्या, दिगंबर जैन. त्यांना यात नवल वाटले नाही. त्यांच्याकडे मद्य, मांस आणि मधु हे तिन्ही त्याज्य मानलेले आहेत, दूध मात्र चालते. काकू म्हणाल्या, “तुम्ही दोन्ही सोडलंत, आमच्यात एकच सोडायला सांगितलंय, पण तुमच्या देवाच्या पंचामृतात तर दोन्ही लागतात की.” त्यांच्या या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

‘अहिंसक’ हा शब्द कोणा जाहिरातवाल्याच्या डोक्यातून निघालेला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पूर्वी रानातले मोहोळ झाडताना खाली धूर-जाळ करून माश्या हुसकत, कित्येक जळून मरत, आणि सबंध पोळे अंडी-पिल्लांसकट पिळून मध काढत. चौकटींची पेटी आणि हाताने फिरवण्याचे मधयंत्र आल्यावर पोळे न मोडता मध काढता येऊ लागला. वर्ध्याला १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जे उद्योग हाती घेतले त्यांत मधमाशीपालन होते, आणि खादी-ग्रामोद्योगाच्या परंपरेत अशा मधाला अहिंसक म्हणण्याचा प्रघात पडला. त्या काळी या शब्दात एक तुलना होती : पिळलेल्या मधापेक्षा हा कमी हिंसेचा. आजच्या लेबलावरून ती तुलना गळून पडली आहे आणि उरला आहे तो निरपवाद दावा.

दावा तपासावा म्हणून मी त्या वाडीला गेले. मेढ्याच्या पुढे, केळघरच्या बाजूला, जावळी तालुक्यातली ती दहा-बारा उंबऱ्यांची वाडी आहे. महाबळेश्वरच्या मधाचे नाव सगळीकडे झाले, २०२२ मध्ये मांघर हे मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, पण त्या डोंगराच्या अलीकडच्या उतारावरही पेट्या ठेवणारे बरेच लोक आहेत. या मधपाळांचे वय सत्तरीच्या आसपास असावे, पेट्या २२. हंगामातला शेवटचा मध काढणे चालू होते. गोणपाटाचा तुकडा पेटवून त्यांनी पेटीच्या तोंडाशी धूर दिला. धुराने माश्यांचा एकमेकींना दिलेला धोक्याचा वास दबतो आणि त्या मध पिऊन सुस्त होतात. खालच्या कप्प्यात अंडी आणि पिल्ले होती, त्याला त्यांनी हात लावला नाही. वरच्या कप्प्यातल्या चौकटी उचलून, माश्या अलगद झटकून, सुरीने मेणाची टोपणे कापली, दोन-दोन चौकटी पिंपात उभ्या केल्या आणि दांडा फिरवला. मध उडून पिंपाच्या भिंतीला लागतो आणि रिकामे पोळे जसेच्या तसे परत पेटीत जाते. पाहताना मला, खरे सांगायचे तर, आनंद झाला. इतके नेटके काम क्वचितच पाहायला मिळते.

मग मी मेलेल्या माश्या मोजू लागले. एका पेटीच्या चौकटी परत बसवून होईपर्यंत झाकणाच्या कडेला, गाळणीत आणि जमिनीवर मिळून १७ झाल्या. मधपाळ माझ्याकडे पाहत होते. मी लेबलावरचा शब्द वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, “ताई, त्ये आमी न्हाई लिवलं. त्ये शेरातल्या लोकांनी छापलंय. पेटी उघडली की धा-वीस माश्या चिरडत्यातच. मरत न्हाईत असं म्या कुटं म्हनलं?” सगळा मध काढता का, या प्रश्नावर त्यांनी मान हलवली. “समदा काढला तर पावसाळ्यात त्यांनी खायचं काय?” तरीही जुलै-ऑगस्टमध्ये साखरेचा पाक द्यावाच लागतो, हेही त्यांनी आपणहून सांगितले. महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या झडीत माशीला बाहेर पडता येत नाही आणि बाहेर पडली तरी फूल मिळत नाही. मात्र मे महिन्यात तिचा साठा काढून घेतलेला नसता तर पाकाची गरज किती उरली असती, हा प्रश्न मी विचारला नाही. समोर चहा आला होता. कोरा, माझ्यासाठी मुद्दाम बिनदुधाचा.

एक कामकरी माशी आपल्या साऱ्या आयुष्यात चहाच्या चमच्याचा सुमारे बारावा भाग मध तयार करते, असा हिशेब सांगतात. तो परदेशी, आकाराने मोठ्या माशीचा आहे. त्या हिशेबानेही माझ्या बाटलीत साडेआठशेच्या आसपास माश्यांची आयुष्ये आहेत, आणि सातेरी लहान असल्यामुळे बहुधा त्याहून जास्तच. त्या या मधासाठी मारल्या जात नाहीत, हे खरे. हंगामात त्यांचे आयुष्यच सहा आठवड्यांचे असते. परंतु त्यांनी हा साठा माझ्या आईच्या खोकल्यासाठी केलेला नव्हता.

येथे मी माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडी भांडणार आहे. दूध आणि मध यांना एकाच तागडीत तोलणे मला पटत नाही. दुधासाठी म्हैस वारंवार गाभण ठेवावी लागते, नर रेडकाचे पुढे काय होते याकडे कोणी पाहत नाही, आणि पान्हा सोडावा म्हणून जनावराच्या शरीराशी इतके अघोरी प्रकार केले गेले की १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याला ‘फुका’ या प्रकाराचे नाव घेऊन स्वतंत्र कलम करावे लागले. त्याच फुक्याविषयी ऐकून गांधींनी दूध सोडले होते, आणि पुढे आजारपणात शेळीचे दूध घेतल्याची खंत त्यांना राहिली. मधमाशीची गोष्ट वेगळी आहे. सातेरी माशीला पेटी मानवली नाही, तिला वारंवार छेडले, मुंग्यांनी किंवा मेणकिड्याने सतावले, तर सगळी वसाहत एके दिवशी उठून रानात निघून जाते. गोठ्यातल्या म्हशीला ती सोय नाही. ही माशी येथलीच, सह्याद्रीतली आहे, बाहेरून आणून रानातल्या माश्यांच्या उरावर बसवलेली नाही. आणि त्या मधपाळांनी आपल्या बांधावरची जांभूळ-हिरड्याची झाडे सरपणासाठी तोडू दिलेली नाहीत, ती केवळ मधासाठी.

परंतु हा युक्तिवाद उभा आहे तो माशीला निघून जाता येते या एका गोष्टीवर, आणि धंदा वाढला की नेमकी तीच गोष्ट काढून घेतली जाते. वसाहत पळू नये म्हणून राणीचे पंख छाटणारे मधमाशीपालक असतात, दाराला राणी अडवणारी जाळी लावणारेही असतात. या वाडीत मला जाळी दिसली, फक्त दोन नव्या पेट्यांना. “नवी वसाहत थारेपर्यंत,” असे कारण मिळाले. मला ते पूर्णपणे पटले नाही, तसे उडवूनही लावता आले नाही.

मी स्वतः पर्याय म्हणून काकवी वापरते. कराडच्या बाजूच्या एका गुऱ्हाळातून ती आणते, नाचणीच्या भाकरीबरोबर खाते आणि गोडीपुरती ती मधाची उणीव भासू देत नाही. आईच्या मते चाटणाला मात्र तिचा काही उपयोग नाही. काकवीवर हिरवे वीगन चिन्ह सहज लागेल. तरीही हंगामात कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या मोळ्यांखाली वाकलेले, चढावर गुडघे टेकणारे बैल मी दरवर्षी पाहते, आणि उसाची गोडी बिनरक्ताची आहे असे स्वतःला सांगण्याचे धैर्य मला होत नाही. त्या गुऱ्हाळाला ऊस ट्रॅक्टरने येतो, एवढी चौकशी मी करून ठेवली आहे.

तेव्हा गुण द्यायचेच तर मधाला पाचपैकी साडेचार, झाकणाला एक आणि लेबलाला दोन. ते दोनही महिना व घाणा क्रमांक छापल्याबद्दल. ज्यांच्या घरी मध खाल्ला जातो त्यांनी कारखानी बाटलीऐवजी असा ठावठिकाणा असलेला मध घ्यावा. ज्यांनी प्राणिज पदार्थ सोडले आहेत त्यांनी मात्र त्या एका शब्दावर विसंबून तो घेऊ नये.

मागच्या आठवड्यात दुकानात जाऊन मी मालकांना हे सगळे सांगितले आणि ‘अहिंसक’ काढून त्या जागी ‘पोळे न पिळता यंत्राने काढलेला’ असे छापावे, शेजारी तान्ह्या मुलांबाबतची सूचना द्यावी, असे सुचवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. बाळाची ओळ शिक्का करून उद्यापासून मारतो म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी शिक्का मारलेल्या बाटल्या खरोखर फळीवर दिसल्या. ‘अहिंसक’बद्दल त्यांचे म्हणणे असे की, दोन हजार लेबले छापून आली आहेत, ती संपली की बघू.