मच्छरदाणी की थेट रोख?

१०,००० डॉलर दान करायचे आहेत. मच्छरदाण्या पुरवणाऱ्या 'अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन'ला द्यावेत की गरिबांना थेट रोख देणाऱ्या 'गिव्हडायरेक्टली'ला?

कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी वाटपासकट पाचसहा डॉलरच्या घरात पडते. तिच्यात दोघं झोपतात, आणि मोहीम साधारण तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते, कारण तोवर जाळी फाटते, औषधही उतरतं. एक जीव वाचवायला गिव्हवेल या दानसंस्था पारखणाऱ्या संस्थेच्या हिशेबाने काही हजार डॉलर लागतात. म्हणजे शेकडो दाण्या. जिथे डास पायरेथ्रॉइडला, म्हणजे दाणीवरच्या नेहमीच्या कीटकनाशकाला, दाद देत नाहीत, तिथे साधी दाणी कमी पडते. मग पीबीओ (कीटकनाशकाचा जोर वाढवणारं रसायन) मिसळलेली, जरा महाग दाणी घ्यावी लागते.

रोखीत कुटुंबाला साधारण १,००० डॉलर थेट मोबाइलवर मिळतात, केनियात एम-पेसामार्फत. तिथल्याच सियाया भागातल्या मोठ्या अभ्यासात एका डॉलरमागे स्थानिक उलाढाल सुमारे अडीच डॉलरनी वाढली, भाव मात्र जेमतेम हलले. २०२२ साली गिव्हवेलने रोखीला अव्वल यादीतून काढलं. २०२४ मध्ये स्वतःच मान्य केलं, की रोख आपल्या आधीच्या अंदाजाच्या तीन-चार पट परिणामकारक आहे. तरी दाणी पुढेच. रोखीची नाजूक जागा नोंदणी: काँगोत पैसे घेणाऱ्यांची सिम नोंदवायचं काम गिव्हडायरेक्टलीच्या कर्मचाऱ्यांच्याच हाती गेलं आणि सुमारे ९ लाख डॉलर लंपास झाले.

खरा वाद आकड्यांचा नाहीच. पाच वर्षांखालचं मूल वाचणं म्हणजे किती घरांचं उत्पन्न दुप्पट होणं? घाना-केनियातल्या गरिबांना हेच विचारलं, तेव्हा त्यांनी लहान मुलांच्या जिवाला फार वरचं मोल दिलं. म्हणून माझे पैसे दाणीवर. मलेरिया नसलेल्या गावात मात्र बेलाशक रोख.