नैराश्यात पुळणीवर चालावं की पाखाडी चढावी?

ओहोटीच्या ओल्या, घट्ट पुळणीवर (किनाऱ्यावरच्या वाळूवर) भरभर चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. हा मध्यम व्यायाम. जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, झपाझप चढलात तर दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, हा जोरकस. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या २०२४च्या विश्लेषणात (२१८ अभ्यास, १४,१७० माणसं) व्यायाम जितका जोरकस, तितका नैराश्यावर परिणाम जास्त दिसला. अर्थात साध्या चालण्यानेही फरक पडतोच. माझं मत पुळणीला. नैराश्यात अंथरूण सोडणं हीच मोठी चढण. त्यावर आणखी पाखाडी कशाला? पाय सरावले की बघू. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या. आणि पावसात पाखाडीवर शेवाळ असतं, तेव्हा छत्री घेऊन वाडीतलाच रस्ता बरा.